घरी येऊन डिटेलिंग करणाऱ्याच्या हातात काळी एम२ द्यावी का?

वळणवेडा

नमस्कार मंडळी. सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम२ घेतलीये, काळी. (हो, काळी. माहितीये मला. शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून मोकळे व्हा.) चालवायला जबरदस्त आहे, त्याबद्दल काडीची तक्रार नाही, पण दुपारच्या उन्हात बॉनेटकडे बघितलं की गोल गोल बारीक ओरखड्यांची जाळीच दिसते, आधीच्या मालकाने बहुतेक ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमधूनच आयुष्यभर काढलीये तिला.

आता एक डिटेलर मिळालाय जो घरी येऊन काम करतो, स्वतःची व्हॅन, पाण्याची टाकी, जनरेटर, लाइट सगळं घेऊन येतो. तो म्हणतो दोन दिवस लागतील. धुणं, डीकंटॅमिनेशन (रंगात रुतलेली घाण काढणं), दोन स्टेप पेंट करेक्शन (आधी कम्पाउंड, मग पॉलिश, मशीनने ओरखडे काढणं) आणि वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर पातळ संरक्षक थर. माझं गॅरेज एका गाडीचं आहे, गाडीभोवती माणूस पॉलिशर घेऊन कसाबसा फिरू शकतो, एका बाजूला शटर. अधूनमधून ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला) जातो त्यामुळे गाडी काचेच्या कपाटात ठेवायची नाहीये.

प्रश्न असा की हे सगळं घरी नीट होतं का, की स्टुडिओतच न्यावी? आणि काम सुरू करायच्या आधी त्याला काय काय विचारून घेऊ?

खवचट

धागा काढण्यापेक्षा गाडी पांढरी रंगवून घेतली असती तर एव्हाना फिरून आला असतात.

साशंक

स्टुडिओ. विषय संपला.

सविस्तर सांगायचं तर धुणं आणि आतली सफाई घरी करून घ्या, त्याला कोणाची ना नाही. पण कोटिंग घरी? शटर उघडलं की धूळ आत, बंद केलं की हवा नाही, ऊन सरकलं की एक पॅनल गरम आणि दुसरं थंड. कोटिंग लावलं की थोड्या वेळात ते पुसून लेव्हल करावं लागतं, आणि हा वेळ तापमान आणि दमटपणावर बदलतो. गरम पॅनलवर ते पुसायच्या आधीच वाळतं आणि मग इंद्रधनुषी डाग तसेच राहतात, त्यांना हाय स्पॉट म्हणतात, ते नंतर पॉलिश करूनच काढावे लागतात. काळ्या गाडीवर तर लांबून दिसतात.

अबोली

साशंक, सगळं मान्य पण स्टुडिओ म्हटलं म्हणजे आत सगळं आलबेल असतं असं थोडीच आहे. एका स्टुडिओत माझ्या पोर्श केमनच्या शेजारच्याच बे मध्ये दुसऱ्या गाडीचं सँडिंग चालू होतं, पडदासुद्धा नव्हता मध्ये. घरी निदान समोर उभं राहून बघता तरी येतं.

साशंक

समोर उभं राहून बघणारे मालक हा डिटेलरचा सगळ्यात मोठा त्रास असतो असं ऐकून आहे :)

पॅडवाला

माझा धंदाच हा आहे, घरी जाऊन काम करण्याचा, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा. (आणि नाही, मी तो व्हॅनवाला नाही.) मालक समोर उभा राहिला तर त्रास नाही होत, मालकाने "इथे अजून एक दिसतोय, जरा अजून घासा ना" म्हटलं की होतो.

वळणवेडा, विचारायची पहिली गोष्ट म्हणजे पेंट डेप्थ गेज आहे का, आणि काम सुरू करायच्या आधी प्रत्येक पॅनलची रीडिंग लिहून देणार का. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळं धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यातला वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ३५ ते ५० च्या आसपास. माणसाचा केस ७० च्या घरात असतो म्हणजे विचार करा. तुमची सगळी चमक, सगळं युव्ही संरक्षण त्या अर्ध्या केसात आहे, आणि करेक्शन म्हणजे ओरखडा "भरणं" नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट तासून खाली आणणं आहे. अंघोळीच्या साबणाच्या वडीसारखं आहे ते, प्रत्येक वेळी थोडी झिजते आणि झिजलेली परत येत नाही. एका कम्पाउंडिंगला दोनतीन मायक्रॉन जातात, माणूस उत्साही असेल तर जास्त. सेकंडहँड परफॉर्मन्स कार म्हटली की विकायच्या आधी कोणीतरी एकदा तरी मशीन फिरवलेलं असतंच, त्यामुळे तुमच्याकडे नक्की किती शिल्लक आहे ते गेजशिवाय कळणार नाही.

अजून एक. साधा गेज एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोट वेगळा सांगत नाही. पत्र्यावर चुंबकीय पद्धतीने मोजतो, ॲल्युमिनियमवर एडी करंटने, म्हणून दोन्ही मोड असलेला गेज हवा. प्लॅस्टिकच्या बंपरवर आणि कार्बनच्या छपरावर तो काहीच दाखवणार नाही, तिथे अल्ट्रासॉनिक लागतो जो बहुतेकांकडे नसतो. त्या जागी शहाणा माणूस सगळ्यात हलका हात ठेवतो. बंपरचं अजून एक दुखणं म्हणजे प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही. पत्र्यावर जी गरमी पॅनलभर पसरते ती बंपरवर पॅडखालीच साठते आणि रंग भाजतो. मशीन चालू असताना दर थोड्या वेळाने उलटा हात पॅनलला लावून बघणारा डिटेलर दिसला तर समजा माणूस बरा आहे.

रेव्हलिमिटर

एवढं कशाला टेन्शन घेताय सगळे, ९एच सिरॅमिक मारून घ्या, परत ओरखडाच येणार नाही. माझ्या मित्राने मारलंय, चावीने पण ओरखडा जात नाही म्हणतो.

खवचट

मित्राच्या गाडीचा पत्ता द्या, चावी माझ्याकडे आहे.

मृण्मयी

रेव्हलिमिटर, ९एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल वगैरे जे सांगतात ते मोहस स्केल (खनिजांचा कठीणपणा मोजणारी) आणि पेन्सिल टेस्ट यांची खिचडी करून सांगतात. यातला एच शाळेतल्या पेन्सिलीवरचा एच आहे. ठरावीक कोनात, ठरावीक दाबाने पेन्सिल ढकलतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात. ९एच ही त्या मालिकेतली सगळ्यात कडक पेन्सिल, बस. पण पेन्सिल म्हणजे शेवटी ग्राफाइट आणि माती. तुमच्या गाडीवर बसणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ असतं, ते मोहसवर ७. धुळीचा फडका फिरवला की ९एच चं कोटिंगसुद्धा चरणारच, फक्त थोडं कमी. शिवाय कोटिंगचा थर एखाददुसऱ्या मायक्रॉनचा, तो चावीला काय अडवणार.

त्याचा खरा फायदा वेगळा आहे. पाणी आणि चिखल चिकटून राहत नाही, गाडी लवकर धुऊन होते, रसायनांना थोडा जास्त टिकाव धरते. धुताना कमी घासावं लागतं म्हणून ओरखडे कमी होतात. "ओरखडेच येत नाहीत" ही जाहिरात.

रेव्हलिमिटर

बरं बाई, पण मर्सिडीजवाले तर कारखान्यातच सिरॅमिक क्लिअर देतात ना?

मृण्मयी

२००३ च्या सुमारास त्यांनी आणला होता, नॅनो कण असलेला क्लिअर कोट. तो भट्टीत भाजलेला मूळ रंगाचाच थर आहे, आपण बाटलीतून नंतर फासतो ते नाही. आणि तोही ओरखडतो, फक्त साध्या क्लिअरपेक्षा कमी.

टर्बोनाना

पोरांनो, सगळे पॉलिशवर बोलताय, धुण्यावर कोणीच बोलत नाही. ती जाळी धुण्यानेच पडलीये ना? मग दोन दिवस घासून ती काढायची आणि पुढच्या रविवारी त्याच स्पंजने परत पाडायची, याला काय अर्थ आहे? मी माझ्या गाडीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. दोन बादल्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, दोन्हींच्या तळाला ग्रिट गार्डची जाळी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) गाडीवरून फिरला की आधी साध्या पाण्यात झटकायचा, मग शाम्पूत. वरून खाली यायचं, सिल (दाराखालची पट्टी) आणि मागचा बंपर शेवटी, चाकांचा मिट वेगळा आणि तो परत कधी रंगाला लावायचा नाही. पुसताना टॉवेल घासायचा नाही, नुसता अंथरून ओढायचा. हे जमत असेल तर डिटेलर बोलवा. नाहीतर आहे तशी चालवा.

वळणवेडा

नाना, मान्य. दोन बादल्या घेतल्यात, ग्रिट गार्ड नाहीये, घेतो.

@पॅडवाला, गेजचं विचारलं त्याला. आहे म्हणाला, आणि न विचारता सांगितलं की रीडिंगचा फोटो प्रत्येक पॅनलसकट देतो. हा चांगला इशारा मानू का?

पॅडवाला

मानायला हरकत नाही. पुढचं विचारा, टेस्ट स्पॉट करणार का? एका पॅनलवर फूटभर चौकोन टेपने आखून सगळ्यात मवाळ पॅड आणि पॉलिश आधी मारून बघायचं, त्याने काम भागलं तर कडक कॉम्बिनेशन बाहेर काढायचंच नाही. जर्मन गाड्यांचा क्लिअर सहसा टणक असतो, जपानी गाड्यांचा मऊ, पण हे सगळं सहसा. गाडी कुठे परत रंगवली असेल तर तो पॅनल कसा वागेल काही सांगता येत नाही. "दोन स्टेप" असं गाडी न बघताच ज्याने कोटेशनमध्ये लिहिलं, त्याला विचारा की हे कशावरून ठरवलं.

आणि पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दाखवा म्हणा. पॉलिशमधलं तेल आणि काही कम्पाउंडमधले फिलर बारीक ओरखडे तात्पुरते झाकतात. समोर ठेवलेली गाडी काचेसारखी दिसते आणि दोनतीन धुण्यांत जाळी जशीच्या तशी वर येते. अल्कोहोलने पुसलं की खरं काय ते उघडं पडतं. कोटिंग करायचं असेल तर ते तसंही पुसावंच लागतं, नाहीतर चिकटणार नाही.

गिअरबदल

पॉलिशर रोटरी (नुसता गोल फिरणारा) वापरतो की डीए (ड्युअल ॲक्शन) हे पण विचारा. एका ओळखीच्याच्या गाडीला रोटरीवाल्याने दाराच्या कडेवर क्लिअर पार उडवला होता.

पॅडवाला

रोटरी वाईट नाही हो, हात वाईट असतो. पण घरच्या कामाला डीए बरा. पॅड फिरतो आणि हलतोही, १५ किंवा २१ मिलिमीटरचा थ्रो (हलण्याचा घेर), एका जागी गरमी कमी साठते. कडांवर क्लिअर मुळात पातळ बसतो म्हणून कडा, बॉडी लाइन, बॅज यांना टेप लावायचा. टेप कुठे कुठे लावला ते बघितलं तरी माणसाचा अंदाज येतो.

अबोली

ट्रॅकवर जाणार म्हणता म्हणून थोडं चाकांबद्दल.

ट्रॅकवरून आलं की मागच्या चाकांच्या मागे, सिलवर आणि बंपरच्या कोपऱ्यात वितळलेल्या रबराचे काळे ठिपके चिकटलेले असतात. ते क्ले बारने (रंगावरची घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी) खरवडत बसू नका, क्ले त्यांना घेऊन रंगावर घासतो. टार रिमूव्हर मारून थांबायचं, ते मऊ पडून घसरायला लागले की फडक्याने उचलायचे. मग आयर्न रिमूव्हर. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात, त्यावर तो जांभळा होऊन ओघळतो, बघायला मजा येते, वास असा की गॅरेजचं शटर आपोआप उघडावंसं वाटतं. क्ले त्याच्यानंतर, आणि भरपूर ल्युब्रिकंट लावून.

पण चाकं थंड झाल्याशिवाय काहीही मारायचं नाही. गरम रिमवर क्लीनर वाळतो आणि डाग पडतो, गरम डिस्कवर गार पाणी मारणं तर नकोच. धुऊन झाल्यावर गाडी तशीच हँडब्रेक ओढून उभी करू नका. लोखंडी डिस्कवर थोड्याच वेळात तांबूस गंज चढतो, पॅड डिस्कला चिकटून बसतात. डिटेलरचं काम झालं की गल्लीतून एक चक्कर मारून दोनचारदा हलका ब्रेक लावायचा.

माझ्या गाडीला कार्बन सिरॅमिक डिस्क आहेत (पिवळे कॅलिपर, पोर्शमध्ये त्यांची खूण, हो, तेच). त्यांना ॲसिडवाला व्हील क्लीनर अजिबात लावू देत नाही. आणि चाक काढायचं असेल तर गाईड पिन लावूनच, कारण रिम डिस्कच्या कडेला आपटली तर टवका उडतो आणि ती डिस्क बदलण्याचा खर्च ऐकून माणूस सायकलवर येतो.

खवचट

अबोलीताई, पिवळे कॅलिपर बाजारात रंगवून पण मिळतात म्हणे.

अबोली

मिळतात. मागून मी आले की ब्रेकिंग पॉइंटला कळतं कोणाचे रंगवलेले ते.

टर्बोनाना

टाळ्या.

मॅटमामा

माझी गाडी मॅट ग्रे. एका डिटेलरने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग शाईनसाठी कुठलं वॅक्स मारू?" तिथेच फोन ठेवला. मॅटवर ना पॉलिश ना वॅक्स, घासलं की तो भाग चकचकीत होतो आणि मग अख्खा पॅनल रंगवण्याशिवाय इलाज नाही. ज्यांच्याकडे मॅट आहे त्यांनी फोनवर हा एकच प्रश्न विचारावा, "शाईन आणाल ना?" हो म्हटलं तर नको.

गिअरबदल

हा उलटा प्रश्न विचारायचा प्रकार भारी आहे.

कोपऱ्यातला

घरी काम म्हणजे वीज आणि पाणी हा निम्मा प्रश्न असतो. त्याची टाकी आहे ठीक, पण त्यात कुठलं पाणी भरून आणतो? जड पाणी असेल तर पॅनलवर वाळलं की कॅल्शियम मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके राहतात, वरवरचे असतील तर व्हिनेगरसारख्या सौम्य ॲसिडने निघतात, उन्हात भाजले गेले तर क्लिअरमध्ये खड्डा पाडून बसतात. शेवटचा हात डीआयोनाइज्ड पाण्याचा असेल तर उत्तम, तसं नसेल तर निदान सावलीत आणि पॅनलगणिक पुसत जाणारा हवा. आणि केमिकलचं काळं पाणी पावसाच्या गटारात सोडणारा असेल तर शेजारी नंतर तुमच्याच नावाने बोंब मारणार, त्याच्या नाही.

लांबलचक एक्स्टेंशनवर मशीन चालवत असेल तर केबल जाड आहे का तेही बघा. पातळ केबल गुंडाळलेलीच ठेवून मशीन चालवली तर ती तापते.

रात्रीचा_पहारा

बॅटरी!! कोणीच बोललं नाही. आतली सफाई करायला दारं तासन्‌तास उघडी राहतात, चावी खिशात घेऊन डिटेलर गाडीभोवती फिरतो, गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपतच नाहीत. आधुनिक परफॉर्मन्स कारची बॅटरी अशी एका दुपारीत बसलेली पाहिलीये. चावी घरात लांब ठेवा आणि गाडीला मेंटेनर (बॅटरी चार्ज ठेवणारा चार्जर) लावून ठेवा. तसंच गाडी कोण हलवणार ते आधी ठरवा. पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) खाली, उतारावरून आत घेताना घासतो, आणि त्याच्या इन्शुरन्समध्ये ग्राहकाची गाडी चालवणं धरलंय का हा प्रश्न घासल्यावर विचारून उपयोग नाही.

खवचट

इतके प्रश्न विचारले तर तो डिटेलर म्हणेल साहेब तुमचा इंटरव्ह्यू झाला असेल तर माझा राजीनामा घ्या.

ईशान_डी

इंजिन बे? माझा एक भाऊ प्रेशर वॉशरने धुतो, काही झालं नाही आजवर.

कोपऱ्यातला

आजवर हा शब्द फार महत्त्वाचा आहे ईशानभाऊ. कनेक्टर, अल्टरनेटर, उघडा एअर फिल्टर असलेल्या गाडीत तर नकोच. थंड इंजिनवर क्लीनर, मऊ ब्रश, ओलसर फडका, झालं.

अबोली

आणि मिड इंजिनवाल्यांनी (इंजिन सीटच्या मागे असलेल्यांनी) मागच्या जाळीवर तर वरून पाणीच सोडू नये. आतल्या भागाबद्दल एकच सांगते, अल्कांतारा. ते चामडं नाही. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन आहे, १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी शोधलेलं. त्यामुळे लेदर कंडिशनर लावला की त्याचे केस चिकटून सपाट होतात. माझ्या स्टिअरिंगवर नऊ आणि तीनच्या जागी हाताच्या तेलाने चकाकी आली होती, जुनी नाणी गुळगुळीत होतात तशी नाही, नुसती मेणचट. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेला पांढरा फडका, हलका हात, वाळल्यावर मऊ ब्रश उलटसुलट. फडक्यावर राखाडी रंग उतरला तो अल्कांताराचा नव्हता, माझ्याच हाताचा मळ. फडका लगेच लपवला.

रेव्हलिमिटर

टायर शाईन मारून घ्यायचं ना मात्र? ते झाल्याशिवाय गाडी पूर्ण वाटत नाही.

अबोली

साइडवॉलवर मारा, पातळ, आणि जास्तीचं पुसून घ्या. ट्रेडवर एक थेंब नको. पहिल्याच वळणाला कळेल का ते.

साशंक

मूळ प्रश्न होता घरी की स्टुडिओ. मी अजून स्टुडिओवरच आहे. निदान कोटिंगपुरता.

पॅडवाला

कोटिंगपुरतं मी तुमच्याशी भांडणार नाही. वारा असेल, शटर बंद करता येत नसेल, किंवा रात्री गाडी उघड्यावर राहणार असेल तर मी स्वतः नकार देतो. कोटिंग लावल्यावर निदान पहिली रात्र पाण्यापासून लांब हवी आणि आठवडाभर शाम्पू नाही. पण करेक्शनसाठी घर चालतं. मी उलट म्हणेन की सूर्य हा सगळ्यात प्रामाणिक लाइट आहे, पॅनल झाला की गाडी बाहेर ढकलून बघता येते, स्टुडिओत ते नसतं.

आणि पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) लावायचा विचार असेल तर तो आधी ठरवा. फिल्म थेट रंगावर चांगली धरते, कोटिंगवर तिचा गोंद नीट बसत नाही. आधी फिल्म, मग वाटलं तर तिच्यावर कोटिंग. ट्रॅकवर पुढच्या गाडीच्या चाकांमधून खडे येतात, त्यांना दीडदोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म थांबवेल, कोटिंग नाही.

वळणवेडा

झालं काम. सांगतो सगळं.

आला तेव्हा पहिला अर्धा दिवस त्याने मशीन बाहेरच काढलं नाही. धुतली, आयर्न रिमूव्हर, टार रिमूव्हर, क्ले, आणि मग गेज घेऊन बसला. दारं आणि छप्पर ११० ते १२५ मायक्रॉन. डावं मागचं क्वार्टर (मागच्या चाकावरचा पत्रा) २४० च्या वर, म्हणजे परत रंगवलेलं, विकताना मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि बॉनेट ८४, ८१, मध्यभागी ७८. पॅडवाला म्हणाले होते तेच, विकायच्या आधी कोणीतरी बॉनेटवरच जोर काढलाय, कारण गिऱ्हाईक उभं राहून बॉनेटच बघतं.

मग तो म्हणाला बॉनेटवर कम्पाउंड मारणार नाही. मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, एकच पास, जेवढं निघेल तेवढं. मी म्हटलं अहो जाळी तर तिथेच जास्त आहे. तो म्हणाला हो, आणि तिथेच तुमच्याकडे देण्यासारखं सगळ्यात कमी आहे. कोटेशनमधून बॉनेटची कम्पाउंडची स्टेप खोडली आणि रक्कम कमी केली. बाकी पॅनलवर टेस्ट स्पॉट करून दारं आणि फेंडरवर दोन्ही स्टेप केल्या. अल्कोहोलने पुसून, मग दिवा आडवा धरून दाखवलं. दारात आता माझा चेहरा दिसतो, बॉनेटवर उन्हात नीट बघितलं तर काही खोल ओरखडे आहेत अजून, जाळी मात्र बरीच गेली.

कोटिंग केलं नाही सध्या. पुढच्या भागाला पीपीएफ घ्यायचं ठरवलंय, त्यामुळे त्याने रंगावर तात्पुरता एक संरक्षक सीलंट लावला, फिल्म लावताना तो पुसून काढता येतो म्हणाला. फिल्म साशंक यांच्या स्टुडिओत, म्हणजे कुठल्यातरी स्टुडिओत लावणार, बंद खोलीत.

साशंक

हा डिटेलर बरा निघाला. बॉनेट सोडणारा माणूस पहिल्यांदा ऐकतोय.

पॅडवाला

७८ वर मीही तेच केलं असतं. त्या रीडिंगचे फोटो जपून ठेवा, गाडी विकताना नाही, पुढच्या डिटेलरला दाखवायला. आणि त्या क्वार्टरवर कुठे सीमेवर टेपची रेघ दिसते का बघा, दाराच्या रबराखाली बोट फिरवून. रंगाचा खडबडीत काठ लागला तर कुठपर्यंत रंगवलंय कळेल.

वळणवेडा

लागला. रबराखाली चक्क बारीक पायरी आहे. विकणाऱ्याला फोन करू का?

खवचट

करा आणि स्पीकरवर ठेवा.

गिअरबदल

परत रंगवलेलं आहे म्हणजे अपघातच असं नाही हो. पार्किंगमधला ओरखडा असला तरी अख्खं क्वार्टर रंगवतात. बूटचं कार्पेट उचलून आतून पत्रा आणि सांध्यांत भरलेलं सीलंट बघा, कारखान्याचं सीलंट एकसारखं असतं, हाताने भरलेलं लगेच ओळखू येतं. तिथे सगळं मूळचं असेल तर झोपा निवांत.

वळणवेडा

बघतो संध्याकाळी. दुसरं, फिल्म लागेपर्यंत गाडीला कव्हर घालून ठेवू का? गॅरेजमध्ये धूळ येते.

टर्बोनाना

नको. धुळीवर कव्हर घातलंस की काढताघालताना तीच धूळ रंगावर घासशील, आणि पुढची जाळी तू स्वतः पाडशील. घालायचंच तर धुऊन पुसल्याबरोबर, आतून मऊ अस्तर असलेलं, ते पण गॅरेजच्या आतच. धूळ बसली तर बसू दे. कोरड्या फडक्याने पुसायला मात्र जाऊ नकोस, कितीही हात शिवशिवला तरी.

वळणवेडा

बूटखालचं सीलंट बघितलं. उजव्या बाजूसारखंच आहे, हुबेहूब. फोटो टाकतो थोड्या वेळाने, गिअरबदल तुम्ही एकदा नजर टाका.

गिअरबदल

टाका. दोन्ही बाजूंचे टाका, आणि फ्लॅश बंद ठेवून.